अख्ख्या घराचा पीपी नंबर

भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात मी चार वर्षं अशा मशीनशेजारी काढली आहेत, की जिच्याजवळ माणसाला स्वतःची थापसुद्धा ऐकू येत नाही. तरी सांगतो, आमच्या घरमालक काकांच्या ‘हॅलो’पुढे ते मशीन म्हणजे अंगाई. भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये रेल्वेलाईनजवळ त्यांचं तीन मजली घर. गाडी आली की त्या भागातले लोक बोलता बोलता थांबतात, गाडी गेली की राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. काका थांबत नसत. त्यांचा ‘हॅलो’ सुटला की गाडीच जरा बिचकून हळू व्हायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पटत नसेल तर त्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारा. तो सध्या कानाच्या डॉक्टरकडे बसलेला असतो.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही. अंडी खाता का, मित्र येतात का, रात्री किती वाजता येणार, यातलं काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच :

“घरून फोन कुणाचा येईल?”

“आईचा. वर्ध्याहून.”

“त्यांचा नंबर द्या. आणि माझा त्यांना द्या.”

“अहो काका, पण माझ्याकडे मोबाईल आहे ना.”

“तो तर सगळ्यांकडे आहे,” काका म्हणाले. “म्हणूनच विचारतोय.”

त्या संध्याकाळी माझी वळकटी सुटायच्या आत त्यांनी वर्ध्याला फोन लावला होता. “ताई, पोहोचला तुमचा मुलगा. गाडी दीड तास लेट होती. जेवायला बसवलाय. दोन पोळ्या झाल्यात, तिसरी घेऊन राहिलाय.” मी तिसरी पोळी खरंच घेत होतो. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव पुसलं गेलं आणि मी ‘वर्धा’ झालो. पहिल्या मजल्यावर एक मुलगी राहायची, कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. ती ‘सागर’, कारण तिची आई सागरहून फोन करायची. माझ्या आधी माझ्या खोलीत ‘अकोला’ राहून गेले होते. काकांच्या लेखी माणूस म्हणजे जिथून त्याची कोणीतरी वाट बघतं ते गाव.

आता जी मंडळी मोबाईल मुठीत घेऊनच जन्माला आली त्यांना हे सांगायला हवं, की एकेकाळी अख्ख्या गल्लीत एकच फोन असायचा. गल्लीतले बाकीचे लोक तोच नंबर आपला म्हणून द्यायचे आणि पुढे ‘पीपी’ असं लिहायचे. नोकरीच्या अर्जावर पीपी, लग्नाच्या पत्रिकेवर पीपी. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा काकांचे वडील सरकारी फायलींबरोबर इकडे आले. काका स्वतः पाटबंधारे खात्यात लागले आणि सात वर्षं थांबून त्यांनी फोन घेतला. फोन आला त्या दिवसापासून बत्तीस घरांचा पीपी नंबर तोच. कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली टळली, कुणाच्या भावाला होशंगाबादजवळ ट्रकने उडवलं पण काही झालं नाही, हे सगळं आधी काकांना कळायचं आणि मग ते दारात उभे राहून संबंधित घराला हाक मारायचे. एका मुलीचं स्थळ तर मुलाकडच्यांनी केवळ हा आवाज ऐकून पक्कं केलं. म्हणाले, मुलीच्या शेजारीपाजारी असा माणूस असेल तर काळजी नाही.

मग मोबाईल आले. बत्तीस घरांत बत्तीस, मग चौसष्ट. काकांचा फोन गप्प झाला. गल्लीतला दूधवाला मला सांगायचा, “उन दिनों बाबूजी को देखते भैया, जैसे स्टेशन बंद हो गया हो और मास्टर साब रोज़ आ रहे हों।” पाचसहा वर्षं अशी गेली. आणि मग एका सकाळी फोन वाजला. सागरची आई होती. “भैयाजी, बिटिया फ़ोन नहीं उठा रही, तीन दिन से। मैसेज में बस अँगूठा भेज देती है। ज़रा देख लीजिए, अँगूठा उसी का है न?”

काकांनी अंगात शर्ट घातला आणि जिना चढले. तिथून पुन्हा स्टेशन सुरू.

शर्टाचं सांगायलाच हवं. काका बनियनवर फोन घेत नसत. फोन वाजला की आधी शर्ट, मग कंगवा, मग खुर्ची ओढून घ्यायची, मग हॅलो. फोन करणाऱ्यांना हे माहीत होतं. ते पंधरा घंट्या निवांत थांबायचे. मुलाने त्यांना बंगळुरूहून चांगला मोठा स्मार्टफोन पाठवला होता, सिनेमा दिसेल एवढा. काकांनी तो पॅसेजमधल्या टेबलावर ठेवला, खाली काकूंच्या हातचा विणलेला रुमाल घातला, चार्जरची वायर भिंतीला खिळ्यांनी ठोकली आणि बाब मिटवली. काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. काका भाजीला निघाले, बँकेत निघाले, पाच नंबरच्या चौकात पोहे-जिलबी खायला निघाले, की फोन टेबलावर. “काका, घेऊन जा ना बरोबर,” असं कोणी म्हटलं की म्हणायचे, “फोन घरी असतो. माणूस बाहेर जातो.” आणि फोन आला तर तोही टेबल सोडायचा नाही, आपणच खाली जायचं.

मी तर निगरगट्टच. आई दिवसातून चार वेळा फोन करायची आणि मी चारही वेळा स्क्रीनकडे असा बघायचो जसं काही ते वीजबिल आहे. ‘नंतर करतो’ असं मनात म्हणायचो. माझे ते ‘नंतर’ एकापुढे एक ठेवले असते तर भोपाळच्या तलावावर पूल झाला असता. मग काकांची हाक यायची : “वर्धा! खाली या!” मी लुंगी सावरत खाली. फोन टेबलावर, स्पीकर चालू, आणि आईचा आवाज अख्ख्या पॅसेजमध्ये : “कायले नाही उचलत रे बाप्पा? मेला का जिता हाये तेवढं तरी सांग!”

एकदा तर कहर झाला. मी कारखान्यात, शिफ्टच्या मध्यावर. फाटकावरचा गार्ड धापा टाकत आला, “साब, भोपाल से अर्जेंट फ़ोन है, गेट पर।”  सुपरवायझरने मशीन बंद केलं, जे त्याने स्वतःच्या मुलाच्या बारशाला केलं नव्हतं. मी फाटकापर्यंत पळालो. पलीकडे काका : “वर्धा, आईने विचारलंय, चष्मा तुम्ही चुकून बॅगेत आणलाय का? त्यांना पेपर वाचता येत नाहीये.” चष्मा बॅगेतच होता.

मी आईवर चिडलो. म्हटलं, तुला मी नंबर दिलाय तो शोभेला आहे का? काकांना कायले फोन करते?

“तुले केला तर तू ‘काय काम होतं’ म्हणतो,” आई म्हणाली. “ते ‘गुडघा कसा आहे’ म्हणतात.”

मी बॅगेतला चष्मा काढून पुसत बसलो. मी, ज्याने मंडीदीपच्या कॅन्टीनमध्ये वाघाची गोष्ट सांगून तीन ठेकेदारांची जेवणं थंड केली आहेत.

तर असा हा माणूस. जगाचे फोन जगापर्यंत पोहोचवणारा. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र त्याचा फोन उचलत नसे.

मुलगा वाईट नव्हता हो. तसं कोणी समजू नये. फार काळजी करायचा. बंगळुरूत बसून मोबाईलवरून अशोका गार्डनला भाजी पाठवायचा. गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी उभी असायची. तिच्या शेजारून मोटरसायकलवरचा माणूस दुप्पट भावाची दोडकी घेऊन काकांच्या दारात. रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं. पॅसेजमध्ये कॅमेरा बसवून घेतला, म्हणजे त्याला तिकडे मोबाईलवर बाबा दिसत राहतील. आणि बाबा दिसत होते, चालत होते, चहा पीत होते, मग फोन कशाला करायचा? काकांनी फोन लावला की तो वाजून वाजून बंद व्हायचा आणि मागून मेसेज यायचा : मीटिंगमध्ये आहे, करतो. काका तो मेसेज वाचायचे आणि आम्हाला सांगायचे, “आला निरोप.” रोज सकाळी नऊ वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून त्या कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. मग बाजूला होऊन देवपूजेला लागायचे.

त्या वर्षी थंडीत ते जिना चढताना मध्येच बसले. सागर आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, त्याने चित्र काढून सांगितलं : हृदयाच्या तीन नळ्या बंद, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन, उशीर नको, इथे सही करा. काकांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

“मुलाला सांगितल्याशिवाय सही नाही.”

“तर मग सांगा ना,” डॉक्टर म्हणाले. “मेसेज करून टाका.”

“ही लिहून सांगायची गोष्ट नाही, डॉक्टरसाहेब.”

घरी आल्यावर त्यांनी आम्हाला कारण सांगितलं. ते लहान असताना नागपूरहून तार आली होती. त्यांच्या आईने ती उघडलीसुद्धा नाही. दारात पोस्टमन पाहिला आणि खाली बसली. आजोबा गेले होते. “आमच्या घरात लिहून आलेली बातमी वाचायच्या आधीच माणसं रडतात,” काका म्हणाले. “माझ्या पोराला कुठेतरी मीटिंगमध्ये एकट्याने वाचायला लावू? त्याच्या कानात मी सांगीन. समोरून हुंकार ऐकीन. मग कापा काय कापायचं ते.” आणि त्यांनी सागरला आणि मला काकूंच्या फोटोसमोर उभं करून शपथ घातली, की आम्हीही त्याला लिहून कळवायचं नाही.

शुक्रवारी अकरा वेळा फोन लावला. ‘करतो.’ शनिवारी चौदा वेळा. ‘या आठवड्यात फार काम आहे बाबा, रविवारी नक्की.’ शिवाय एक नमस्काराचं चित्र. सागरने आपल्या फोनवरून लावला, मी माझ्यावरून लावला. अनोळखी नंबर, कोण उचलतं? काका दर वेळी शर्ट घालायचे, कंगवा फिरवायचे, खुर्ची ओढायचे, आणि रिंग संपली की शर्ट काढून पुन्हा खुंटीला. सहीचा कागद टेबलावर फोनखाली दाबून ठेवलेला. शनिवारी संध्याकाळी त्यांचा श्वास बोलताना तुटायला लागला, तेव्हा मी शपथ मोडली. काकूंना मनातल्या मनात सॉरी म्हटलं आणि मुलाला लिहिलं : तुमचे वडील फार आजारी आहेत, ताबडतोब फोन करा.

त्याने मला ब्लॉक केलं.

त्याचीही चूक नाही. नंतर त्याने सांगितलं, असे मेसेज आठवड्यातून तीन येतात. वडील आजारी, आई अडचणीत, पैसे पाठवा. एकदा तर एका भामट्याने तो स्वतःच दवाखान्यात असल्याचं त्यालाच कळवलं होतं. माझा मेसेज इतका खरा होता की तो शंभर टक्के खोटा वाटला.

रविवारी सकाळी सागर खाली आली तेव्हा काका खुर्चीवर नुसते बसून होते. शर्टही नव्हता घातला. ती मला म्हणाली, “भैया, सबके पीपी ये हैं। इनके बेटे का भी तो वहाँ कोई होगा!”

मला कारखान्याचं फाटक आठवलं. मुलगा बंगळुरूत एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर राहत होता. त्या इमारतीचं नाव भाजीच्या बिलावर छापलेलं होतं. इंटरनेटवर तिच्या फाटकाचा नंबर सापडला. मी लावला. वॉचमनने पहिल्या घंटीला उचलला! अख्ख्या बंगळुरूत पहिल्या घंटीला फोन उचलणारा तो एकच माणूस असावा. हिंदी ऐकली आणि मी ओळखलं, हा आमच्या मध्य प्रदेशचा. रीवाचा निघाला. मी स्पीकर चालू करून फोन काकांपुढे टेबलावर ठेवला.

“भैया,” काका म्हणाले. आवाज निम्मासुद्धा राहिला नव्हता. “भोपाल से बाप बोल रहा हूँ। चौदहवें माले पर मेरा लड़का रहता है। ज़रा बुला दोगे?”



“इंटरकॉम तो साहब उठाते नहीं हैं अंकल, कान में मीटिंग वाली मशीन लगाए रहते हैं।” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “आप काटिएगा मत। मैं ऊपर जाता हूँ।”

आणि तो रीवाचा माणूस चौदा मजले पायी चढला. (तो म्हणतो, लिफ्टने गेलो. नम्र माणसं असंच सांगतात.) आम्ही सात मिनिटं थांबलो. काका उठले, खुंटीवरचा शर्ट घातला, वरपर्यंत बटणं लावली, कंगवा फिरवला, खुर्ची टेबलाशी ओढली. सागर नखं खात होती. माझं ब्लड प्रेशर त्या यंत्रावर घेतलं असतं तर यंत्राने दुकानात परत जायला मागितलं असतं.

“बाबा? बाबा, काय झालं? कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. मीच बोलतोय. आधी बस.”

“बसलोय.”

“कुठे?”

“गेटवर. वॉचमनच्या खुर्चीवर.”

“पाणी आहे जवळ?”

“बाबा, सांगा ना!”

“गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगला आहे. तुला सांगितल्याशिवाय सही करायची नव्हती. झालं सांगून. बरं मग, ठेवतो.” आणि काकांचं बोट खरोखर बटणाकडे निघालं, कारण ट्रंककॉलच्या जमान्यापासून त्यांना तीन मिनिटांच्या वर बोलायची सवयच नव्हती.

“ठेवू नका!” मुलगा ओरडला. टेबलावरचा रुमाल हलला, एवढा ओरडला.  मागून एक गाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत काका फोनला कान लावून होते. मग पलीकडून रीवाचा आवाज आला, अगदी हलका.

“अंकल, साहब रो रहे हैं। मैंने पानी दिया है।”

“हां भैया, पीने दो,” काका म्हणाले. “मैं रुकता हूँ।”

ते थांबले. मग मुलगा म्हणाला, “मी आजच निघतो.”

“ये. येऊ नको म्हणत नाही. पण तेवढं नसतं लागत रे,” काका म्हणाले. “फोन उचलत जा. बस झालं.”

मग त्यांनी फोनखालचा कागद काढला आणि सही केली. सुरेख, वळणदार, हेडक्लार्कची.

मुलगा संध्याकाळच्या विमानाने आला. उंच, वाकलेला, कानात ते यंत्र नसलेला. पॅसेजमध्ये उभा राहून त्याने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्यासमोरच्या फरशीकडे. मला म्हणाला, “रोज नऊला इथे येऊन उभे राहायचे. मला दिसायचे. मला वाटायचं, लेन्स पुसतायत.”

गुरुवारी आत नेण्याआधी काकांनी फोन त्याच्या हातात दिला. भिंतीचे खिळे उपटून वायरसकट. “सागरची आई अकरा वाजता करते. तिला हिंदीत बोल, मुलगी वेळेवर जेवते म्हणून सांग. वर्ध्याच्या ताई संध्याकाळी. नाव विचारायचं नाही, आवाज ओळखायचा. आणि काय काम आहे असं कुणालाही विचारायचं नाही.”

“मग काय विचारायचं?”

“गुडघा,” काका म्हणाले, आणि स्ट्रेचर गेलं.

ऑपरेशन नीट झालं. आठवडाभर दवाखाना. मुलगा दिवसा तिथे, संध्याकाळी आंघोळीला घरी. आणि फोन वाजत राहिला. पहिल्या दिवशी तो सागरच्या आईशी वीस सेकंद बोलला आणि घाम पुसत बसला. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं दार वाजलं. दारात मुलगा, हातात फोन, फार अपराधी चेहरा.

“सॉरी हं. तुमच्या आईंचा फोन होता.”

“होता?”

“म्हणजे… त्यांनी बाबांचं विचारलं, मी सांगायला लागलो. मग त्यांनी मला विचारलं, तू जेवतो-बिवतो का नाही. मग मी…” त्याने स्क्रीनकडे पाहिलं. “पन्नास मिनिटं झाली. तुम्हाला द्यायचंच राहून गेलं.”

तो खाली गेला. मी दारातच उभा राहिलो. मग माझा फोन काढला आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, कोणी हाक न मारता, आपणहून आईला लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, की आपण ज्यांना फोन करत आहात त्या दुसऱ्या कॉलवर आहेत.

खालून, जिन्यातून, मुलाचं बोलणं ऐकू येत होतं.

“हो मावशी, बोला ना. नाही, अजून नाही जेवलो.”